भेग बुजवणारा चुना आणि ‘शहाणे’ काँक्रीट

अलीकडे ‘स्मार्ट काँक्रीट’ हा शब्द वर्तमानपत्रांत बराच दिसतो. स्वतःची भेग स्वतः बुजवणारे काँक्रीट, आपल्यावर किती वजन आले ते विजेच्या फरकातून सांगणारे काँक्रीट, उन्हाच्या मदतीने हवेतले विषारी वायू कमी करणारे काँक्रीट, असे त्याचे वर्णन असते. बातमीचा सूर असा, की निर्जीव दगडाला माणसाच्या इतिहासात प्रथमच अक्कल आली. मग लगेच दुसरा सूर उमटतो: यात नवे काय, आमच्या पूर्वजांना हे सगळे ठाऊक होते! हे पूर्वज कधी कोणाचे असतात, कधी कोणाचे. कुणी मंदिरांकडे बोट दाखवतो, कुणी कॉर्डोबा आणि बगदादच्या रस्त्यांकडे.

या दोन्ही सुरांत खरा इतिहास बाजूला पडतो, आणि तो जास्त मनोरंजक आहे. माणसाने फार पूर्वी असा एक मसाला वापरात आणला, ज्याच्या पोटात दुरुस्तीची शिल्लक आपोआप राहत असे. पुढे घाई आली, घाईबरोबर नवा मसाला आला, आणि ती शिल्लक कमी कमी होत गेली. आज प्रयोगशाळांत जे चालले आहे ते बऱ्याच अंशी ती शिल्लक पुन्हा भरण्याचे काम आहे. फक्त आता ती विकत घ्यावी लागते.

सुरुवात चुन्यापासून करू. चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकले की तो फुसफुसतो, तापतो, फुटतो आणि विरतो. हा विरलेला चुना भिंतीत गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू पुन्हा शोषून घेतो आणि परत चुनखडी होतो. दगडाचा चुना आणि चुन्याचा दगड, असे हे चक्र आहे. पण ते फार संथ आहे. जाड भिंतीच्या गाभ्यापर्यंत हवा पोहोचायला वर्षे लागतात, कधी शतके. तोवर आतला बराच चुना मोकळा असतो. भिंतीला बारीक भेग पडली आणि त्यातून पावसाचे पाणी झिरपले, की ते पाणी हा मोकळा चुना थोडा विरघळवून भेगेत आणते, तिथे त्याला हवा भेटते आणि भेगेत चुनखडी धरते. भेग भरली जाते. हे कुणी मुद्दाम घडवलेले नव्हते. मसाल्याच्या संथपणातच ते होते.

नुसता चुना मात्र पाण्यात नीट घट्ट होत नाही. त्यासाठी त्यात भाजलेल्या मातीचा चुरा घालायचा, म्हणजे पक्क्या विटा किंवा खापऱ्या कुटून. आपल्याकडे याला सुर्खी म्हणतात. शब्द फारसी आहे, ‘सुर्ख’ म्हणजे लाल. भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि पाण्याखालीही घट्ट होणारा पदार्थ तयार होतो. तुर्की भाषेत याच मसाल्याला ‘खोरासानचा मसाला’ म्हणतात. उस्मानी काळातल्या बांधकामांत तो सर्रास आढळतो. रोमन लोकही कुटलेली वीट वापरत, आणि नेपल्सजवळच्या पुत्योली गावाची ज्वालामुखीची राखही. आजचे ‘पोझोलाना’ हे नाव त्या गावावरूनच पडले आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात विट्रुव्हियसने या राखेची तारीफ लिहून ठेवली. म्हणजे ही कोणा एका कौमेची मालमत्ता नाही. जिथे भट्टी होती आणि पाण्याशी गाठ होती, तिथे माणसे याच उत्तरापाशी आली.

दख्खनमध्ये या मसाल्याची स्वतःची रीत होती. गोल खोदलेल्या दगडी चरात चुना, वाळू आणि सुर्खी घालायची, मध्ये खांब रोवायचा, त्याला आडव्या दांड्याने जड दगडी चाक लावायचे आणि बैल जुंपून ते तासन् तास फिरवायचे. हीच चुन्याची घाणी. मसाल्यात ठिकठिकाणी गुळाचे पाणी, बेलफळाचा किंवा हिरड्याचा काढा, तागाचे तुकडे पडत. शब्दांकडेही जरा बघा. ‘चुना’ संस्कृत चूर्णातून आला, ‘सुर्खी’ फारसीतून. ‘गिलावा’ फारसी, ‘फरशी’ अरबी मुळाची. दगडांच्या सांध्यांना गवंडी ‘दरजा’ म्हणतो, तो शब्द फारसीतल्या शिवणीचा. कपडे शिवणारा दर्जीही त्याच मुळातला. लोणारी चुना भाजत, वडार आणि बेलदार दगड फोडत, गवंडी हिंदूही असत आणि मुसलमानही. मुंबईतल्या चुनाभट्टीचे नावसुद्धा या धंद्याचेच. कारागिरांची ही मिसळ त्यांच्या भाषेत अजून शाबूत आहे. इमारतींवरून भांडणाऱ्यांना ती ऐकू येत नाही, एवढेच.

विजापूरचा गोल घुमट 1656 च्या सुमाराचा. त्याच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर आहे. विटांचे थर आणि त्यांमध्ये चुन्याचे जाड थर अशी रचना आहे. चुना इतका, की विटा एकमेकींवर रचल्यापेक्षा चुन्यात बुडवल्यासारख्या वाटतात. पूर्ण झाल्यावर ते एकसंध कवचच झाले. लोखंडी सळी नाही, सिमेंट नाही. रोममधल्या पँथिऑनचा घुमट, व्यास 43.3 मीटर, हाही असाच सळीविना उभा आहे, आणि तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला.

रोमन काँक्रीट इतके का टिकले, यावर 2023 मध्ये एक महत्त्वाचा शोधनिबंध आला. अमेरिकेतल्या एमआयटीचे अदमीर मासिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतल्या प्रिवर्नुम या प्राचीन नगराच्या भिंतीचे नमुने तपासले. रोमन काँक्रीटमध्ये चुन्याचे छोटे पांढरे खडे दिसतात. आजवर समजूत अशी, की मजुरांनी मसाला नीट मिसळला नाही म्हणून ते राहिले. या मंडळींचे म्हणणे वेगळे निघाले: रोमन लोक विरलेल्या चुन्याऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, कळीचाच चुना मिश्रणात घालत. मिश्रण तापत असे आणि चुन्याचे ठिसूळ खडे तसेच मागे राहत. पुढे भेग पडली की ती या ठिसूळ खड्यांतून वाट काढते, पाणी तिथला चुना विरघळवते आणि भेग बुजते. त्यांनी तसे काँक्रीट बनवून, मुद्दाम फोडून, भेगेतून पाणी सोडून पाहिले. दोन आठवड्यांत पाणी जायचे थांबले. कळीचा चुना न घातलेल्या तुकड्यातून ते वाहतच राहिले.

मला या संशोधनातली एक गोष्ट विशेष वाटते. ज्याला मजुरांचा हलगर्जीपणा म्हटले गेले, ती त्यांची रीत होती. आपल्या चुन्याच्या गवंड्यांबद्दलही असे म्हणणे सोपे आहे: गूळ काय घालतात, बेल काय घालतात, अंधश्रद्धा आहे सगळी! वनस्पतींच्या रसाने चुन्याच्या घट्ट होण्यावर परिणाम होतो हे आता मान्य आहे. पण ज्यांना प्रमाण ठाऊक होते ती माणसे आता फारशी उरली नाहीत. त्यांच्या हाताचे ज्ञान फारसे कुणी लिहून घेतले नाही. कारण लिहिणारे आणि घाणी हाकणारे एका पंगतीचे नव्हते. यात पेशवाई, आदिलशाही किंवा निजामशाही असा फरक करता येत नाही.

तरीही एक सावधगिरी हवी. रोमन रस्ते बहुतेक दगड, खडी आणि मुरमाच्या थरांचे होते, काँक्रीटचे नव्हते. आपल्याकडेही चुना भिंतीत, घुमटात, हौदात, पुलाच्या कमानीत गेला, गाडीवाटेला खडी-मुरूमच. चुन्याचा रस्ता तयार व्हायला जितके थांबावे लागले असते तितके कुणी थांबले नसते, आणि कच्च्या चुन्यावर लोखंडी धावेचे चाक फिरले असते तर त्याचा भुगाच झाला असता. म्हणून ‘पूर्वी स्मार्ट रस्ते होते’ असे म्हणता येणार नाही. मसाला शहाणा होता. तो रस्त्यावर कधी आलाच नाही.

रस्त्यावर जो आला तो पोर्टलँड सिमेंट. लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्याने 1824 मध्ये त्याचे पेटंट घेतले. चुनखडी आणि माती एकत्र भाजायची आणि दळायची. आजचे सिमेंट अ‍ॅस्पडिनच्या सिमेंटपेक्षा खूप जास्त उष्णतेला भाजलेले असते, पण नाव तेच राहिले. याला हवेची वाट पाहावी लागत नाही. पाणी मिळाले की काही तासांत धरते, 28 दिवसांत कामाची ताकद देते. कारखाने, बंदरे, रेल्वे यांच्या युगाला हेच हवे होते.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात बेलफाउंटन नावाचे छोटे गाव आहे. जॉर्ज बार्थोलोम्यू नावाच्या माणसाने 1891 मध्ये तिथल्या नगरपालिकेला सांगितले, की तुमच्या चौकातला चिखल मी सिमेंटने झाकतो. नगरपालिकेचा विश्वास बसेना. शेवटी सामान स्वतःच्या खर्चाने देण्याची आणि रस्ता पाच वर्षे टिकेल यासाठी 5,000 डॉलरची हमी भरण्याची अट घालून परवानगी मिळाली. आधी एक अरुंद पट्टा झाला, तो ठीक निघाल्यावर 1893 च्या सुमारास कोर्टाभोवतीचे रस्ते झाले. घोड्यांचे पाय घसरू नयेत म्हणून पृष्ठभागावर चर पाडले. त्यातला एक तुकडा आजही जागेवर आहे. पाच वर्षांची हमी होती, सव्वाशे वर्षे होऊन गेली. आपल्याकडच्या ठेकेदाराच्या ‘दोषदायित्व कालावधी’शी कुणी तुलना करू नये, रक्तदाब वाढेल.

हिंदुस्तानात सिमेंटचे खरे उत्पादन 1914 मध्ये पोरबंदरला सुरू झाले. तोवरची आणि त्यानंतरचीही मोठी कामे चुना-सुर्खीतच झाली. केरळ-तामिळनाडूच्या वादामुळे सगळ्यांना ठाऊक झालेले मुल्लपेरियार धरण 1895 चे, चुना-सुर्खीचे. विश्वेश्वरय्यांच्या नावाशी जोडले गेलेले म्हैसूरचे कृष्णराजसागरही सुर्खीच्या मसाल्यातले. म्हणजे चुना विसाव्या शतकात सपशेल हरून बाहेर पडला असे नाही. तो महाग नव्हता, कमकुवतही नव्हता. तो संथ होता.

मराठी वाचकाला ‘शहाबादी’ म्हटले की घरातली काळसर फरशी आठवते. ती ज्या शहाबादहून येते ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात, गुलबर्गा जिल्ह्यात होते. फरशी चुनखडीची, म्हणून तिथेच सिमेंटचा कारखाना निघाला. 1936 मध्ये अनेक कंपन्यांच्या विलीनीकरणातून एसीसी उभी राहिली, तेव्हा शहाबादची सिमेंट कंपनीही तिच्यात आली. घरचे सिमेंट हाताशी असल्याने हैदराबाद शहराने मुख्य रस्ते सिमेंट काँक्रीटचे करायला घेतले, आणि 1930 च्या दशकात त्या रस्त्यांचे हिंदुस्तानात नाव होते. त्या संस्थानाच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात अली नवाझ जंग यांच्यासारखे अभियंते होते. 1931 मध्ये पूर्ण झालेला निजामसागर हे त्यांचे प्रसिद्ध काम. मराठवाडाही त्याच संस्थानात होता, पण सिमेंटचे रस्ते राजधानीपुरतेच. राजधानीतल्या सोयी आणि जिल्ह्यातली धूळ, हा भेद निजामाच्या राज्यातही होता. मुंबईत मरीन ड्राइव्हचा सिमेंटचा रस्ता साधारण याच काळातला, आणि तोही कित्येक दशके टिकला.

हे जुने सिमेंटचे रस्ते इतके का चालले? गाड्या हलक्या होत्या, काम जपून केले होते, हे झालेच. पण आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्याला चुन्याकडे परत नेते. जुने सिमेंट आजच्यापेक्षा जाड दळलेले असे. सिमेंटचा कण जाड असला की पाणी त्याच्या बाहेरच्या भागालाच भिडते. गाभा कोरडा, न वापरलेला राहतो. वर्षांनंतर भेग पडली, पाणी शिरले, तर तो गाभा जागा होतो आणि भेग थोडीफार भरतो. आजचे सिमेंट पिठासारखे बारीक दळतात, कारण सगळ्यांना ताकद लवकर हवी: साचे लवकर सोडायचे, पुढचा मजला लवकर चढवायचा, रस्ता लवकर खुला करायचा. बारीक कण पहिल्या काही दिवसांतच आपली बहुतेक कमाई खर्चून टाकतो. म्हातारपणासाठी काही ठेवत नाही.

सिमेंटच्या बारीक भेगा पाण्यात आपोआप बुजतात ही नोंद एकोणिसाव्या शतकातच, फ्रान्समध्ये, झाली होती. पण हे काही गुण म्हणून मोजायचे आणि वाढवायचे असते, असे कुणाला वाटले नाही. ती कल्पना आली ती 1990 च्या दशकात. इलिनॉय विद्यापीठात कॅरोलिन ड्राय यांनी काँक्रीटमध्ये काचेच्या पोकळ नळ्या घातल्या आणि त्यांत चिकट द्रव भरला. भेग पडली की नळी फुटणार, द्रव सांडणार, भेग भरणार. प्रयोगशाळेत छान, पण काँक्रीट मिसळणाऱ्या यंत्राच्या फिरत्या ढोलात काचेच्या नळ्या कशा टिकाव्यात? त्याच दशकात साउथ डकोटामध्ये व्ही. रामकृष्णन आणि सूकी बँग यांनी जीवाणूंकडून भेगेत चुनखडी बनवून घेण्याचे प्रयोग सुरू केले. 2006 च्या सुमारास हॉलंडमधल्या डेल्फ्ट विद्यापीठात हेंक योंकर्स यांनी हा धागा पुढे नेला. क्षारयुक्त, कोरड्या जागी तग धरणारे बॅसिलस जातीचे जीवाणू बीजाणूंच्या रूपात काँक्रीटमध्ये घालायचे, आणि त्यांचे खाद्य म्हणून कॅल्शियम लॅक्टेट. जोवर भेग नाही तोवर ते झोपलेले. भेगेतून पाणी आणि हवा आली की जागे होतात, खातात, आणि चुनखडी मागे टाकतात. सुमारे 0.8 मिलिमीटर रुंदीपर्यंतच्या भेगा अशा बुजल्या आहेत.

शेवटी भेगेत काय भरते ते बघा. चुनखडी. विजापूरच्या भिंतीत भरत होती तीच.

दुसरी शाखा संवेदनेची. 1993 मध्ये बफेलो विद्यापीठात डेबोरा चुंग आणि त्यांचे विद्यार्थी पू-वोई चेन यांनी दाखवले, की काँक्रीटमध्ये कार्बनचे अगदी तुटक धागे थोड्या प्रमाणात मिसळले तर त्याचा विद्युतरोध ताणाबरोबर बदलतो. दाबले की कमी होतो, ताणले किंवा आत तडा गेला की वाढतो. म्हणजे रस्ताच वजनकाटा झाला. ट्रक न थांबवता त्याचे वजन कळू शकते, आणि डोळ्यांना दिसण्याआधी आतला तडाही. बाकीच्या शाखा भरभर सांगतो. टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलेले सिमेंट सूर्यप्रकाशात हवेतले नायट्रोजनचे काही वायू मोडते. रोमचे 2003 मधले ज्युबिली चर्च त्यासाठी गाजले, युरोपात फरसबंदीच्या ब्लॉकमध्येही ते वापरून झाले. नेब्रास्कात वीज वाहून नेणारे काँक्रीट पुलावर घालून त्यावरचा बर्फ वितळवला. त्याचा आपल्याला उपयोग नाही. डेल्फ्टमध्येच डांबरात पोलादी तंतू घालून, ते विजेच्या चुंबकीय यंत्राने तापवून, डांबराच्या भेगा सांधण्याचा प्रयोग 2010 मध्ये खऱ्या महामार्गावर झाला.

घुमटाचे शहाणपण रस्त्याला लागू पडते का? पूर्णपणे नाही. घुमटावरचे वजन त्याचे स्वतःचे असते, आणि ते शतकानुशतके तेच राहते. रस्त्यावरचे वजन येते-जाते, लाखो वेळा, आणि प्रत्येक वेळी लादी किंचित वाकते. अमेरिकेत 1958 ते 1960 या काळात इलिनॉयमधल्या ओटावा गावाजवळ खास रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले गेले. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की आसावरचे वजन दुप्पट झाले तर रस्त्याची हानी साधारण सोळा पट होते. चार गुणिले चार. ठरल्यापेक्षा जास्त लादलेला एक ट्रक किती मोटारींएवढा घातक, ते यावरून समजावे. शिवाय काँक्रीटची लादी उन्हात फुगते, रात्री आकसते. म्हणून तिला दर साडेचार मीटरच्या आसपास मुद्दाम काप देतात, म्हणजे तडा जायचाच असेल तर तिथेच जावा. कापाखालून पोलादी कांबी एका लादीचे वजन दुसरीला देतात. हा सांधा बुजून चालत नाही! एखाद्या जीवाणूने उत्साहाने सांधाच भरून टाकला तर लादी दुसरीकडे फुटेल. कोणती भेग भरायची आणि कोणती मोकळी ठेवायची, हे ज्ञान मसाल्यात घालता येत नाही. ते आराखड्यात असावे लागते.

म्हणून मला कर्नाटकातल्या थोंडेभावी गावचा रस्ता या सगळ्या इतिहासात विशेष लक्षणीय वाटतो. बंगळूरपासून सुमारे 90 किलोमीटरवरचे हे गाव. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक नेमकुमार बंथिया यांच्या मार्गदर्शनाखाली, कॅनडा आणि भारताच्या एका संयुक्त संशोधन केंद्राने 2015 च्या सुमारास तिथे सिमेंटचा रस्ता केला. पूर्वी तिथे मातीचीच वाट होती. रस्त्याची जाडी अंदाजे 100 मिलिमीटर, म्हणजे नेहमीच्या काँक्रीट रस्त्यापेक्षा बरीच कमी. सिमेंटचा मोठा भाग काढून त्याजागी औष्णिक वीज केंद्रांतली फ्लाय अ‍ॅश वापरली, आणि त्यात बारीक धागे मिसळले. त्या धाग्यांवर पाण्याला ओढून घेणारा अतिसूक्ष्म लेप आहे. बारीक भेग पडली की धागे तिला रुंद होऊ देत नाहीत, पावसाचे पाणी धरून ठेवतात, आणि ते पाणी मिळाल्यावर काँक्रीटमधले अजून न वापरले गेलेले सिमेंट जागे होऊन भेग भरते.

इथे नळ्या नाहीत, जीवाणू नाहीत. जुन्या जाड सिमेंटने जे आपोआप केले तेच इथे धाग्यांच्या मदतीने करून घेतले आहे. आणि राख म्हणजे तरी काय? भट्टीतून निघालेली भाजलेली माती. फ्लाय अ‍ॅश सिमेंटमध्ये जे काम करते ते रसायनाच्या दृष्टीने सुर्खीचेच काम: हळूहळू, महिनोन् महिने, चुन्याशी संयोग पावत राहणे. सुर्खीचा गवंडी आज थोंडेभावीला आला असता तर रस्ता त्याला अनोळखी वाटला असता, मसाल्याची चाल नाही.

मात्र मसाला कोणताही असो, पहिले काही दिवस त्याला पाणी हवे. काँक्रीट वाळत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होते. वरचे पाणी उन्हाने उडाले तर पहिल्या दिवशीच त्यावर जाळीसारख्या भेगा पडतात. म्हणून ओली गोणपाटे, म्हणून मातीची आळी करून साठवलेले पाणी, म्हणून गाड्यांना सुमारे चार आठवड्यांची मनाई. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण झाला. त्याच्यासारख्या कामावर हे सगळे यंत्राने आणि देखरेखीखाली होते. गावातल्या आणि शहराच्या जुन्या भागातल्या सिमेंट रस्त्यांवर काय होते ते आपण सगळे पाहतो. रात्री मिक्सर येतो, सकाळी रस्ता तयार, संध्याकाळी त्यावर रिक्षा. काप दिलेले नसतात. मग लादी स्वतःच हवे तिथे काप घेते. पंधरा दिवसांनी पाण्याच्या पाइपासाठी मधोमध चर खोदतात आणि तो मातीने बुजवतात. 0.8 मिलिमीटरची भेग भरणारा जीवाणू दीड फुटाच्या चरापुढे काय करणार?

दाट मोहल्ल्यांत याची आणखी एक बाजू आहे. जुना रस्ता उखडण्याचे पैसे आणि वेळ वाचवण्यासाठी त्याच्यावरच नवा थर टाकतात. दर निवडणुकीला चार-सहा इंच. काही वर्षांत रस्ता वर आणि घराचा उंबरठा खाली. पहिल्या मोठ्या पावसात गटाराचे पाणी घरात. दारात विटांची पाळ बांधून जगणारी कुटुंबे आपल्या कितीतरी शहरांत आहेत, आणि ती बहुतेक गरीब वस्त्यांतच सापडतात. त्यांत आपले मोहल्ले आहेत, दलित वस्त्या आहेत, कामगारांच्या चाळी आहेत. काँक्रीट जितके टिकाऊ तितकी ही चूक टिकाऊ. शंभर वर्षे टिकणारा रस्ता उंबरठ्याच्या वर बांधला, तर शंभर वर्षे पाणी घरात येणार.

म्हणून नगरपालिकेत सिमेंट रस्त्याचा प्रस्ताव आला की त्यात जीवाणू आहेत की नाहीत, यापेक्षा आधीचे काही प्रश्न विचारायचे असतात. पाण्याचे आणि गटाराचे पाइप आधी टाकणार का, आणि कोणत्या महिन्यात? जुना थर काढणार का, आणि नवा रस्ता सर्वांत खालच्या उंबरठ्यापासून किती इंच खाली राहणार? काप कुठे कुठे देणार? पाणी किती दिवस मारणार आणि त्याचा टँकर कोणाच्या खर्चाचा? फ्लाय अ‍ॅश आणि धागे निविदेत लिहिता येतात. हे प्रश्नही निविदेत लिहिता येतात, आणि त्यांना वेगळा पैसा लागत नाही. बेलफाउंटनच्या नगरपालिकेने बार्थोलोम्यूकडून 5,000 डॉलरची हमी लिहून घेतली तेव्हा सिमेंटच्या रसायनाबद्दल तिथल्या सदस्यांना फारसे कळत होते असे समजायचे कारण नाही.